ओठावर पारखलेली गोटी

सत्तावन्न सालच्या फाल्गुनातली गोष्ट. माले गावात आमच्या घराच्या पडवीत मी पाट्यावर मिरच्या वाटत होते आणि अंगणात सायकलची घंटा वाजली. पाहते तर एक उंच, उन्हानं रापलेला तरुण. खांद्याला पिशवी, चेहऱ्यावर संकोच.

“पानी मिळंल का? आन्... घरात जुन्या काचंच्या गोट्या हायेत का?”

एवढा बाप्या माणूस, आणि गोट्या मागतोय! मला हसू आवरेना.

“का? खेळाय गडी कमी पडला व्हय?”

तोही हसला. हसला की त्याच्या डाव्या गालाला खळी पडायची... पहिल्याच दिवशी पाहिली मी, खोटं कशाला बोलू?

नाव वाल्मीक. नेऱ्याचा. पुण्यात जुन्या वस्तूंच्या दुकानात कामाला. शेटची शौकीन गिऱ्हाइकं जुन्या विलायती गोट्या जमवायची, म्हणून हा गावोगाव हिंडायचा आणि गोटीच्या बदल्यात फणी, आरसा, रिबीन द्यायचा. मुळशीचं धरण बांधलं तेव्हा माझे वडील, आबा, लहान होते. तिथल्या साहेबाच्या पोरांनी त्यांना मूठभर गोट्या दिल्या होत्या. त्या आणि माझ्या लहानपणच्या, साऱ्या एकाच डब्यात पडून होत्या. ओसरीवर आडव्या झालेल्या आबांनी “दाखीव की” म्हटलं आणि मी डबा आणला.

वाल्मीकनं एक गोटी उन्हात धरली.

“बगा, आत सुतासारखा पीळ हाय. आन् हितं टोकाला खरबरीत डाग. कारागिरानं तापल्या काचंच्या कांडीवरनं गोटी कापली, त्येचा वण ह्यो. यंत्राच्या गोटीला वण नसतोय.”

“आन् वण लई बारीक असला तर?”

त्यानं गोटी खालच्या ओठावरून हळूच फिरवली.

“बोट फसतं. ओठ न्हाई फसत.”

माझी नजर त्या ओठावर खिळली ती खिळलीच!

डब्यात खऱ्या जुन्या दोनच निघाल्या. एकीच्या बदल्यात मी आरसा घेतला. दुसरी निळ्या-तांबड्या पिळाची होती. ती मात्र त्यानं माझ्या हातात परत ठेवली.

“हिची किंमत लई हाय. माज्या पिशवीतलं समदं दिलं तरी पुरायचं न्हाई. कुनी रिबिनीवर मागितली तर दिऊ नका.”

फसवायची आयती संधी, आणि हा खरं सांगून मोकळा! मी ती गोटी पदराच्या गाठीत बांधली. मनही तिथंच कुठंतरी बांधलं गेलं.

“पुढल्या गुरुवारी येतो. आनखी सापडत्यात का बगा,” तो म्हणाला.

आणखी कुठून सापडणार? पण नाही म्हटलं तर तो कशाला येईल? मी डब्यातली एक नवी गोटी उचलली आणि पाट्यावर घासघासून तिला वण पाडला.

गुरुवारी त्यानं ती ओठावर फिरवली. कानापर्यंत लालबुंद झाला. डोळ्यांत पाणी तरळलं. मला वाटलं, अगं बाई, लाजतोय!

“जुनी हाय...” तो घाईघाईनं म्हणाला. “लई जुनी.” आणि तांब्याभर पाणी प्यायला.

असे चार गुरुवार गेले. चार गोट्या, एक फणी, तीन रिबिनी. वेणीत रिबीन बांधताना मन खायचं. शेटनं खोट्या गोट्या ओळखल्या आणि याचं काम गेलं तर?

पाचव्या गुरुवारी तो आला तो सायकल धरून उभाच राहिला.

“शेट म्हनलं, माल्याच्या खेपा बास. आता दुसरीकडं जा. ही शेवटची खेप.”

होतं नव्हतं ते सारं तोंडातून बाहेर पडलं.

“त्या चारी गोट्या खोट्या हुत्या! म्या पाट्यावर घासल्या... तुमी यावं म्हनून.”

मग त्यानं खिशातून रुमाल काढला. गाठ सोडली. आत माझ्या चारी गोट्या!

“शेटला दिल्याच न्हाईत. मला म्हाईत हुतं.”

“कसं?”

“मिरच्यांच्या पाट्यावर घासल्यात नव्हं? चार गुरुवार ओठ पोळून घेतलाय.”

आणि मी त्याला लाजरा समजत होते! मेल्याहून मेल्यासारखं झालं.

“मग... घेतल्या कशापायी?”

“खोट्या म्हनलो असतो, तर पुढल्या गुरुवारी कंच्या निमतानं आलो असतो?”

मी पदराची गाठ सोडली. निळी-तांबडी गोटी त्याच्या तळहातावर ठेवली.

“ही तरी खरी हाय. आता सांगा किंमत.”

त्यानं सवयीनं ती ओठावर फिरवली आणि पुन्हा लालबुंद!

“ही बी तिखट?”

“सकाळधरनं मिरच्या वाटतेय. हात माजाच हाय त्यो.”

तो हसला. खळी पडली.

“ही शेटकडं न्ह्यायाची न्हाई, जया. माज्या घरी ठिवायची... तुज्यासकट. माज्या बाला घिऊन येऊ?”

पहिल्यांदाच ‘तू’ म्हणाला. मला रडू आलं आणि हसूही.

“ये. पर जलमभर तिखट खावं लागंल... बग.”

“सवय झालीया.”

ओसरीवर झोपलेले, निदान मला तसे वाटलेले, आबा खाकरले.

“जये, बाला घिऊन येतोय नव्हं? मग पोराला गुळाचा खडा दे आदी. किती पोळशील त्येला!”

मी धावत जाऊन गूळ आणला. वाल्मीकनं खडा हातात घेतला, माझ्याकडे पाहिलं आणि तोंडात टाकण्याआधी हळूच ओठावर फिरवून बघितला.