वाऱ्याला न विचारता मांडलेलं गणित

वाट तीच, विमान तेच. मग जायला दोन तास आणि यायला दीडच कसा? सांगते. पण हे कोडं मला फार उशिरा सुटलं.

आम्ही मॉरिशसचे मराठी. माझे आजोबा हवामानशास्त्रज्ञ. त्यांची लेक, माझी यमुनाआत्या, शेजारच्या रॉड्रिग्ज बेटावर शाळेत शिकवायची. गणपतीच्या दुसऱ्या दिवशी पहाटे तिथल्या इस्पितळातून फोन आला. "दहाला शस्त्रक्रिया आहे. खात्री देता येत नाही, आधी भेटून घ्या."

विजेवर उडणारी दोन विमानं होती, सातचं आणि आठचं. आजोबा सातच्याच विमानाला निघाले होते. मीच आडवी आले.

"आत्याकडे मोदक न नेता कसं जायचं? अजून उकडायचेत. ती येते तेव्हा दीड तास लागतो, म्हणजे आठला निघून साडेनऊ. पुढे इस्पितळ वीस मिनिटं. पोचतो की आरामात."

गणितात माझा हात कोणी धरत नाही, अशी माझी घमेंड. आजोबांनी नुसती होकारार्थी मान हलवली आणि चपला काढल्या.

विमान उतरलं तेव्हा दहा वाजले होते. इस्पितळात गेलो तर आत्याला आत नेलेलं. ती पुन्हा शुद्धीवर आलीच नाही.

चौथ्या दिवशी परतीच्या विमानात मी रडत विचारलं, "आजोबा, अंतर सहाशे किलोमीटरच ना? मग माझं चुकलं कुठे?"

त्यांनी मला जवळ घेतलं.

"विमानाचा वायुवेग (भोवतीच्या हवेतून पुढे जाण्याचा वेग) ताशी साडेतीनशे किलोमीटर. पण ती हवाच सरकत असते, केतकी. या दिवसांत वारा पूर्वेकडून येतो, ताशी पन्नासने. रॉड्रिग्ज आपल्या पूर्वेला. जाताना वारा समोरून, म्हणून पन्नास वजा. जमीनवेग (खालच्या जमिनीच्या किंवा समुद्राच्या हिशेबाने वेग) उरला तीनशे. आता सहाशेला भाग."

"दोन तास."

"येताना तोच वारा पाठीशी. पन्नास अधिक. चारशे."

"दीड," मी म्हणाले. "आत्याचा इकडे यायचा वेळ मी तिकडे जायला धरला. माझ्यामुळे तुमची भेट हुकली."

"चाळीस वर्षं मी हाच वारा मोजला," आजोबा म्हणाले, "आणि लेकीकडे जाताना तो तपासायचं मलाच सुचलं नाही. तू दहा वर्षांची आहेस, पोरी. हे ओझं माझं, तू उचलू नकोस."

मला ते पटलं नाही. अजूनही पुरतं पटत नाही.

उतरलो, तर तिकिटाच्या खिडकीशी एक बाई घाबरीघुबरी उभी होती. तिची आई रॉड्रिग्जला अत्यवस्थ होती. "दीड तासच लागतो ना? मग नंतरच्या विमानाने जाते, भावालाही येऊ दे," ती म्हणत होती.

मी डोळे पुसले. "नाही काकू, वारा समोरून आहे. दोन तास धरा. आत्ताच्याच विमानाने जा."

तिने माझ्याकडे पाहिलं, मग आजोबांकडे. आजोबांनी होकारार्थी मान हलवली. ती धावत सुटली.

ते विमान उडेपर्यंत आम्ही दोघं तिथेच उभे राहिलो.