एका बैलाचा नांगर

"एक संग्रहालय झालं, आता दुसरं," गौरजा म्हणाली. त्यावर हरिश्चंद्रकाकांनी पोटावरून हात फिरवला आणि आधी जेवण, असा निकाल दिला.

सावंतवाडीची ही सहल काकांच्याच गळ्यात पडली होती. मे महिन्याची सुट्टी, घरात सातवीतली गौरजा, काकांचा ओंकार आणि दिवसभर यांच्याकडेच असणारी शेजारची अक्षया. त्यांना एक दिवस तरी बाहेर ने, असं आजोबांनी बजावलं, तेव्हा काका सकाळच्या एसटीने कसालहून निघाले. पहिल्या संग्रहालयात पोरं गंजिफाचे गोल पत्ते पाहत होती तेव्हा काका बाकावर बसून घोरत होते. माणसं निरखायची गौरजाला सवयच होती. काका आयुष्यात दोनच गोष्टींची घाई करतात, जेवायची आणि निजायची, हे तिने कधीच टिपून ठेवलं होतं.

म्हणूनच दुसऱ्या ठिकाणी तिने कान टवकारले.

तलावामागच्या गल्लीत एका हौशी संग्राहकाने ते कलादालन नुकतंच उघडलं होतं. काका आत शिरले, डावीकडच्या काचेच्या पेटीकडे त्यांनी एकदा पाहिलं आणि गर्रकन वळले.

"चला रे. एसटी चुकतली."

एसटी साडेपाचची होती. भिंतीवरच्या घड्याळात सव्वादोन वाजले होते.

"बाबा, पंख्याखाली उभे रवान तुमका घाम कित्याक इलो?" ओंकारने विचारलं.

गौरजा पेटीपाशी गेली. आत फणसाच्या लाकडाचा, कडेला वेलबुट्टी कोरलेला पाट होता. खाली पाटी होती: 'राजस्त्रियांचा स्नानाचा पाट. कारागीर अज्ञात.' ही वेलबुट्टी गौरजा लहानपणापासून घरच्या गणपतीच्या पाटावर पाहत आली होती.

त्यांच्याकडे गणपती दुकानातून येत नसे. श्रावणात घरचा पाट मूर्तिकाराच्या शाळेत, म्हणजे गणपती घडवायच्या कारखान्यात, पोचवायचा, मूर्ती त्याच्यावरच घडायची आणि विसर्जनानंतर रिकामा पाट घरी परत यायचा. शाळेत पाटांची अदलाबदल होऊ नये म्हणून प्रत्येक पाटाच्या तळाला त्या त्या घराची खूण असे.

दोन वर्षांपूर्वी गौरजा हट्टाने मुलग्यांबरोबर विसर्जनाला नदीत उतरली. मूर्ती सुटली, पाट तिच्या हातात आला आणि पाण्याने तो ओढून नेला. आजोबांच्या बापाच्या हातचा पाट गेला! तेव्हापासून वाडीतल्या पोरींनी काठावरच थांबायचं, असा नियम झाला. हातात आलेला पाट हलका होता, फणसाचा नव्हताच, हे ती घसा सुकेपर्यंत सांगत राहिली. पाण्यात सगळंच हलकं लागतं, असं तेव्हा सगळ्यात मोठ्याने कोण म्हणालं होतं, हेही तिला पक्कं आठवत होतं.

ती थेट कलादालन सांभाळणाऱ्या जानकीबाईंच्या टेबलाशी गेली. "मॅडम, तो पाट आमच्या गणपतीचा आहे."

जानकीबाई हसल्या. इथे येणाऱ्या प्रत्येकाला काही ना काही आपल्या आजीचं वाटतं, असं त्या म्हणाल्या.

"गप रव गो," काका मागून कुजबुजले. "हय लाज काढू नको."

"माझी लाज दोन वर्सां काढून झाली, काकानू. आता कोणाची उरली ती बघूया."

तिने टेबलावरची अभिप्रायाची वही ओढली आणि एका कोऱ्या पानावर चित्र काढलं. एक नांगर, पुढे जू आणि जुवाला एकच बैल. मग वही जानकीबाईंच्या पुढ्यात ठेवून तिने सांगितलं, की पाटाच्या तळाला तापल्या सळईने हेच काढलेलं आहे. पणजोबांनी पहिला बैल एवढा दांडगा काढला, की दुसऱ्याला जागाच उरली नाही. पाट उलटा करून पाहा. चूक निघाली, तर हे सगळं कलादालन आम्ही तिघं झाडून देऊ.

"तिघां?" अक्षयाने दचकून विचारलं.

जानकीबाईंनी हातमोजे चढवले, पेटी उघडली आणि पाट पालथा केला. तळाला काळपट रेघांचा नांगर होता. त्याच्यापुढे शेपटी उभारलेला एकच बैल.

सगळ्यांनी काकांकडे पाहिलं. काकांनी छताकडे पाहिलं. पण छतावर काही सापडेना, तेव्हा ते हळूहळू बोलू लागले. त्या वर्षी मूर्तिकार धोंडू मेस्त्री तापाने पडले, मूर्ती अर्धवट राहिली. आयत्या वेळी काकांनी बाजारातून प्लायच्या फळीवरचा तयार गणपती आणला आणि फळी लाल कापडाने झाकली. घरचा पाट उद्या आणू, परवा आणू म्हणता म्हणता शाळा बंद झाली आणि तिथलं सगळं लाकूड विकलं गेलं. फळी वाहून गेली तेव्हा काकांनी सुटकेचा निःश्वास सोडला होता. बोल मात्र गौरजाच्या वाट्याला आला.

पाट असा लगेच देता येणार नाही, आजोबांना यावं लागेल, मालकांशी बोलून कागद करावे लागतील, असं जानकीबाईंनी सांगितलं. गौरजाने मान डोलावली. पहिला कागद मात्र आत्ता आणि इथेच व्हावा, अशी तिची अट होती, आणि त्यात खरं काय घडलं ते काकांनी लिहायचं. काका लिहू लागले. ओंकार त्यांच्या खांद्यावरून वाकून पाहत राहिला.

"तारीख घाला, बाबा. आणि 'चुकून' खोडा. चुकून नाय झाला ता."

आठवड्याने आजोबा स्वतः आले. या पेटीसमोरून शेकडो माणसं गेली, पण तळाशी काय आहे ते विचारणारी ही पहिलीच, असं जानकीबाई त्यांना कौतुकाने म्हणाल्या. आजोबांनी बैलावरून बोट फिरवलं.

"चेडू खरा सांगत होता," ते नातीबद्दल म्हणाले. "मीच आयकूक नाय. यंदा पाट गौरजा धरतली."

आणि काकांनी टॉवेल घेऊन काठावर उभं राहायचं, हेही त्यांनी तिथल्या तिथे ठरवून टाकलं.

कागद झाले, पाट घरी आला आणि भाद्रपदात गौरजा कंबरभर पाण्यात उतरली. तिच्या मागे अक्षया उतरली आणि वाडीतल्या आणखी चार पोरी. त्यांनी कोणाला विचारलं नव्हतं. मूर्ती सुटली, पाण्याने ओढ दिली, गौरजाने दात आवळले आणि पाट छातीशी घेऊन ती काठावर आली.

"गावलो मा?" काकांनी घाबरत विचारलं.

तिने पाट त्यांच्या दोन्ही हातांवर ठेवला. काका वाकले.

"जड आसा," ती म्हणाली. "सांभाळून धरा."