नादकुंपण

दहाव्याचा भात पानावर ठेवून सगळे मागे सरले आणि कावळ्याची वाट पाहू लागले. नदीचा घाट कसा लखलखीत होता. तो हेमांगी पोतनीसनेच नव्याने बांधून घेतला होता. घाटच कशाला, अख्ख्या नागपूरचा कायापालट तिच्या आराखड्यावर झाला होता. कचरा जमिनीखालच्या नळ्यांतून शोषला जाई, इमारती काचेच्या झाल्या होत्या, आणि त्या काचांवर पाखरं आपटून मरू नयेत म्हणून शहरभर नादकुंपण बसवलं होतं. म्हणजे माणसाच्या कानाला न कळणारा, पाखरांना मात्र न सोसवणारा एक बारीक आवाज. शहर पाहायला परदेशातून माणसं येत.

तिचे बाबा, वामनराव, तेवढे खूश नव्हते. रोज सकाळी गॅलरीत त्यांच्या हातची पोळी खायला एक कावळा येई. कुंपण बसणार हे कळल्यावर त्यांनी लेकीकडे आयुष्यात पहिल्यांदाच काही मागितलं, आपली तेवढी गॅलरी वगळ म्हणून. आराखड्यात वशिला चालत नाही बाबा, असं म्हणून तिने ते हसण्यावारी नेलं. तेही हसले. त्यानंतर गॅलरीचं दार त्यांनी फारसं उघडलं नाही.

आता आई पानासमोर हात जोडून बाबांना एकेक कबूल करत होती. घर विकणार नाही, तुमची पुस्तकं वाचनालयाला देईन, माझी काळजी करू नका. आभाळ रिकामंच होतं.

"रुसलेत का गं ते आपल्यावर?" आईने विचारलं.

बाबा रुसलेले नाहीत, आपलं कुंपणच आडवं आलंय, अशी हेमांगीची खात्री होती. बाजूला जाऊन तिने नियंत्रण कक्षातल्या रंगारीसाहेबांना फोन लावला आणि घाटावरचं कुंपण ताबडतोब बंद करायला सांगितलं.

"मॅडम, घाटावर कुंपण नाहीच," रंगारी म्हणाले. "लोकांचे दहावे होतात म्हणून तुम्हीच वगळलं होतं."

ती विसरूनच गेली होती. परक्यांच्या बापांसाठी तिने जागा सोडली होती.

मग ते येत का नाहीत, असं तिने विचारलं, तेव्हा रंगारी अवघडून सांगू लागले. कावळा धोक्याची जागा विसरत नाही, पिल्लांनाही शिकवतो. आताच्या पिल्लांनी तो आवाज कधी ऐकलेलाही नाही, तरी ती वेशीवरूनच माघारी फिरतात.

"सगळ्या शहराचं बंद केलं तरी उपयोग नाही, मॅडम. त्यांना सांगणार कोण?"

ती परत आली तेव्हा देवपुजारी गुरुजी दर्भाच्या काड्या वळत होते. कावळा आलाच नाही, तर दर्भाचा करून शिववतात.

"ताई, ऊन चढून राहिलं," ते हळूच म्हणाले. "आटपून टाकू का?"

आईने नकारार्थी मान हलवली. दूर, नदीपलीकडे एक काळा ठिपका दिसला होता. तो जरा जवळ आला, घिरट्या घालू लागला आणि तिथूनच वळला.

"तुझंच शहर आहे ना हे?" आई म्हणाली. "मग बोलाव ना त्याला."

हेमांगी घाटाच्या शेवटच्या पायरीवर गेली. सगळ्यांदेखत तिने तोंडाशी हात नेऊन काव काव करून पाहिलं. दुसऱ्याच हाकेला तिला रडू फुटलं. येऊ नकोस म्हणणारा आवाज तिने शहरभर पेरला होता. ये म्हणणारा कुठून आणायचा?