दर्याबाईंचे कुंकू

फाल्गुनातली पहाट होती. सह्याद्रीच्या खांद्यावर बसलेल्या सांकरगडाच्या तटाला पूर्वेची तांबूस कड लागत होती, खालच्या खोऱ्यात वेढा घालून बसलेल्या मोगली फौजेच्या राहुट्या धुक्यातून एकेक करून वर येत होत्या, आणि चोरवाटेने गडावर आलेला, पायांच्या चिंध्या झालेला एक जासूद देवघराच्या उंबऱ्याशी मान खाली घालून उभा होता.

दर्याबाईंनी त्याला आधी पाणी दिले. त्यांचे पती, किल्लेदार रायाजीराव ढवळे, गडावरची चाळीस निवडक माणसे घेऊन उत्तरेच्या मोहिमेवर गेले, त्याला वर्ष उलटले होते. मागे उरलेल्या साठ-सत्तर जणांच्या शिबंदीनिशी बाईच गड राखून होत्या.

"बोल."

"आऊसाहेब, यमुनेकाठी फौज बुडाली. धनी पडले. गडाच्या चाळिसांतला एकही उरला नाही."

बाई भिंतीला टेकल्या. रडू आले नाही. बाहेर घरोघरी जाती फिरत होती, ओव्या चालल्या होत्या. उत्तरेत गेलेली आपली फौज परतली की वेढा उठेल, या एकाच आशेवर गडाचा प्रत्येक जीव तग धरून होता.

"आणखी कोणाला ठाऊक आहे?"

"कोणालाच नाही."

कोणापाशी न बोलण्याच्या शपथेखातर त्यांनी त्याच्याकडून बेलभंडार उचलून घेतला आणि आल्या वाटेने त्याला पुन्हा खाली धाडले. मग आरशापुढे बसून त्यांनी कपाळावर ठसठशीत कुंकू रेखले. नवरा गेलेल्या बाईने कुंकू लावावे हा केवढा अपराध, हे त्या जाणून होत्या.

"आई भवानी, हा दोष माझ्या एकटीच्या माथी," एवढेच त्या पुटपुटल्या.

तिसऱ्या दिवशी भर सदरेवर सबनीस विसाजीपंत उठून उभे राहिले. गड हाती आणून दिल्यास एक गाव इनाम देऊ, असा मोगली सरदाराचा गुप्त निरोप त्यांना पोचला होता.

"खालून बातमी आली आहे," पंत शिबंदीकडे वळून म्हणाले. "उत्तरेची फौज बुडाली, किल्लेदार कामास आले. धनीच उरले नाहीत, तर गड कोणासाठी राखायचा? बाईसाहेबांनी अभयाचा कौल घ्यावा आणि दरवाजा उघडावा."

तलवारींच्या मुठींवरचे हात सैल पडू लागले. तोच पडदा सारून दर्याबाई बाहेर आल्या आणि सगळ्यांना कपाळ दिसेल अशा उन्हात उभ्या राहिल्या.

"पंत, इकडे पाहा. तुमची बातमी खरी असती, तर हे कपाळ घेऊन मी तुमच्यापुढे उभी राहिले असते?"

कोणी बाई असे खोटे बोलू शकेल, हे त्या सदरेवर कोणाच्या स्वप्नातही येणे शक्य नव्हते. पंतांची मान खाली गेली आणि 'हर हर महादेव'च्या गजराने तट दुमदुमला.

चैत्रात मोगलांनी पश्चिमेच्या बुरुजाला शिड्या लावल्या. गोलंदाज मानाजी त्या चाळिसांबरोबर उत्तरेत गेलेला. त्याची बायको तुळजा हिचा शिबंदीतला भाऊ कोंडाजी बहिणीला आणि भाच्यांना चोरवाटेने घेऊन जायला निघाला होता. तुळजाने त्यालाच अडवले. "तुझे दाजी परत येतील, तेव्हा त्यांना काय तोंड दाखवशील?" कोंडाजी बुरुजावर गेला. सुलतानढवा परतवला गेला. बावीस माणसे पडली, त्यांत कोंडाजी होता.

वैशाखात दरबाराचे आज्ञापत्र आले. 'मोगलांशी तह जाहला. सांकरगड त्यांजकडे दिधला असे. पत्र पावताच गड खाली करून देणे.'

बाईंनी ते दोनदा वाचले. मग गडावरच्या बायकांना देवळापुढे बोलावले, पदराने कपाळ पुसले आणि एकामागून एक चाळीस नावे घेतली. शेवटच्या नावानंतर दगडावर बांगड्या फुटू लागल्या.

तुळजा पुढे आली. "कधी कळलं तुम्हाला?"

"फाल्गुनात."

"म्हणजे माझा कोंडा जिता होता तेव्हा."

"होय."

"आणि गड?"

"सरकारनं देऊन टाकला."

तुळजाने मुलांचे हात धरले आणि ती मागे न पाहता दरवाजाकडे चालू लागली.

गड रिकामा झाला. विसाजीपंत नव्या धन्यांकडेही सबनीसच राहिले. दर्याबाई पायथ्याच्या गावात राहिल्या. त्यांना तिथे कोणी वावगे बोलले नाही, पण कोणी त्यांच्या दारातही आले नाही.

चार वर्षांनी एकदा तुळजा आली. उभ्यानेच म्हणाली, "एकच विचारायचं होतं. माझे धनी पडले, तेव्हा शेवटी काही बोलले का? जासुदानं सांगितलं असेल."

तुझे नाव घेतले होते, एवढे म्हणणे किती सोपे होते! बाईंनी तिच्याकडे पाहिले.

"मी त्याला विचारलंच नाही, तुळजा."

तुळजा ओसरीच्या कडेला घटकाभर बसली. मग उठली आणि आपल्या वाटेने निघून गेली.