एक्क्याण्णवावा तास

"अहो, चावी सोडा आधी!"

"तुम्ही सोडा. मी आधी धरलीय."

नव्या नोकरीच्या पहिल्याच सकाळी तिची आणि त्याची ओळख झाली ती अशी, सिलिंडरच्या चावीची दोन टोकं धरून. प्रयोगशाळेत कार्बन डायऑक्साइडचा सिलिंडर एकच होता. तिला तो शेवाळासाठी हवा होता. काचेच्या नळ्यांमधलं तिचं हिरवं पाणी हाच वायू पिऊन वाढायचं आणि पुढे त्यातून तेल निघायचं. त्याला हवा होता भट्टीसाठी, त्यातून तो इंधन बनवायचा. शेवटी गॅसच्या नळीला दोन फाटे काढले, आणि भांडणाची रोजची सोय झाली.

"तुमचं शेवाळ फार खादाड बुवा."

"खातं, पण वाढतं तरी! तुमची भट्टी नुसती तापते... आमच्या काकांसारखी."

तो हसायचा. हसताना चष्मा घसरायचा आणि हातात मोजे असल्यामुळे तो मनगटानं वर ढकलायचा. ते बघायला मिळावं म्हणून ती मुद्दाम टोमणे मारायची, पण कबूल कोण करतंय!

मग एक दिवस मोठ्या मॅडमनी सांगितलं, पुढच्या वर्षी दोन्हींपैकी एकच काम चालेल. शुक्रवारी निकाल. त्याची भट्टी न थांबता शंभर तास चालायला हवी, तिचं शेवाळ दाट आणि जिवंत हवं. हरेल त्यानं सामान आवरायचं. त्या दिवसापासून दोघांचे टोमणे आटले.

गुरुवारी वडिलांच्या डोळ्याचं ऑपरेशन होतं म्हणून तिनं सुट्टी घेतली. शुक्रवारी येऊन बघते तर नवा सिलिंडर आलेलाच नाही, जुन्याचा काटा शून्याला टेकत आलेला. गॅस तुटला की एवढं दाट शेवाळ दिवसभरात मरतं! ती नळ्यांकडे धावली... बुडबुडे संथपणे वर येत होते. पाणी हिरवंगार.

भट्टी मात्र थंड पडली होती. शेजारच्या वहीत त्याचं अक्षर होतं – 'एक्क्याण्णवावा तास. गॅस दोघांना पुरणार नाही. भट्टी बंद केली. भट्टी पुन्हा पेटवता येते, मेलेलं शेवाळ उठत नाही.'

ती वही तिनं मॅडमपुढे ठेवली. मॅडमनी ती दोनदा वाचली. "भला माणूस आहे," त्या म्हणाल्या, "पण शंभर म्हणजे शंभर."

संध्याकाळी तो खोक्यात पुस्तकं भरत होता.

"का केलंत असं?"

"लिहिलंय की वहीत."

"ते वहीसाठी. मला खरं सांगा."

त्यानं आणखी एक पुस्तक खोक्यात ठेवलं. "तुम्ही गेला असतात, तर मी भांडलो असतो कोणाशी?"

तिला रडूच आलं. वळून तिनं एक छोटी बाटली आणली, तळाशी हिरवं पाणी, बुचातून रबरी नळी. खोक्यात पुस्तकांवर ठेवली.

"ही तुझी."

"माझ्याकडे सिलिंडर कुठाय?"

"फुंकर मारायची, रोज सकाळी. श्वासातही तोच वायू असतो."

"आणि मेलं तर?"

"मरेल कसं?" ती म्हणाली. "मी रोज बघायला येणारे ना..."

त्याच्या हातात आज मोजे नव्हते, तरी चष्मा त्यानं मनगटानंच वर ढकलला. मग नळी तोंडात धरून त्यानं फुंकर मारली, आणि बाटलीतलं हिरवं पाणी खुदखुदलं.