पिठातला टँगो

म्हशींसाठी सरकी काढायला पितांबर सकाळी मागच्या खोलीत गेला आणि टोपलं तिथेच टाकून बोंबलत बाहेर आला. एरवी सारंगखेड्याच्या जत्रेत बिथरलेल्या घोड्याला एकट्याने आवरणारा गडी. पण आज त्याची बोबडी वळली होती.

"पावलं... उलट्या पायासनी पावलं!"

गोठ्यात धार काढणाऱ्या रंजनाबाईने चरवी खाली ठेवली. पावलं कोणाची, हे तिला पक्कं ठाऊक होतं.

पितांबर तिचा जेठ, नवऱ्याचा थोरला भाऊ. नवरा रतिलाल मोंबासाला नोकरीला होता, तिकडेच तापाने गेला आणि तिकडेच त्याला जाळलं. इथे दर्भाचा पुतळा करून क्रिया उरकली. काल बारावा होता. बाराव्याच्या रात्री गेलेल्याच्या खोलीत पीठ चाळून ठेवायचं आणि सकाळी बघायचं, कुठल्या जन्माची खूण उमटली ते. पाखराची उमटो, माणसाची उमटो, घराला तेवढाच दिलासा. पण रतिलालच्या ह्या मागच्या खोलीतल्या पिठात बाईची पावलं निघाली! दारातून आत गेलेली, आणि बोटं सगळी दाराकडे.

आता पीठ चाळलंय हे रंजनाबाईला कोणी सांगितलंच नव्हतं. पहाटेच्या काळोखात ती खोलीत शिरली आणि एकटीच नाचली होती. रतिलालनेच शिकवलेला नाच. मागच्या खेपेला त्याने चावीचा फोनो आणला होता आणि टँगोच्या तबकड्या. नाच मोंबासाचाही नव्हे, त्याच्याही पार पलीकडच्या अर्जेंटिनाचा. मोंबासातल्या एका गोवेकर वाजंत्र्याने त्याला शिकवला. सगळे शेतात गेले की भर दुपारी दोघं सरकीच्या खोलीत नाचायची. पुरुषाने पुढे यायचं, बाईने डोळे मिटून मागे मागे जायचं. भरवसा काय तो पाठीवरच्या हाताचा. अशी मजा त्या घरात कोणी केली नव्हती बरं!

दुपारी आमशा भगत आला. पावलं बघून म्हणाला, "हडळ शे. त्या बाजामा बसीसन उनी. सांज पडाना आधी तापीमा बुडाई द्या."

पितांबरने फोनो उचलला. रंजनाबाईचं काळीज तुटलं. नवऱ्याची राखसुद्धा तिला मिळाली नव्हती; उरलं होतं ते एवढंच. पहाटेचं कबूल केलं तर ह्या घरात जागा राहणार नाही, हेही तिला कळत होतं. गेली जागा खड्ड्यात! जेठापुढे आजवर जिने तोंड उघडलं नव्हतं ती कडाडली, "ठेवा ते खाले! ह्या पाय मन्हा शेतस!"

सासू अनुसयाबाई उठली. "मन्हा पोऱ्या मरना... अन् तू नाचनी?"

"हां माय, नाचनू. रडाले उनं नही, म्हनीसन नाचनू."

"मानूस असा चालस का?" पितांबर ओरडला.

"देखा मंग!"

तिने स्वतः चाळण घेतली आणि खोलीभर नवं पीठ पसरलं. फोनोला चावी दिली, सुई टेकवली. खरखर झाली, मग भात्याची पेटी दम लागल्यासारखी वाजू लागली. सरकीचा तेलकट वास, बंद खिडकी, उंबऱ्यावर तीन माणसं. रंजनाबाईने डोक्यावरचा पदर खांद्यावर टाकला, रिकाम्या हवेत हात उचलले, डोळे मिटले आणि मागे पाऊल टाकलं.

"अरे देवा, हाई ते आपलीच वहू शे!" पितांबर हसला. पण हसू अर्ध्यातच अडकलं.

पाठीवर हात टेकला तेव्हा रंजनाबाईने डोळे उघडले. तिच्या प्रत्येक पावलासमोर पीठ दबत होतं. रुंद, अनवाणी पावलं. बोटाला बोट भिडवून पुढे येत होती.

"बाय... थांब..." आमशा पुटपुटला.

"कसाले थांबू? मन्हा घरमा मन्हा धनीसंगे नाची ऱ्हायनू!"

तबकडी संपली. पावलं जागच्या जागी उभी राहिली.

"परत लाव," अनुसयाबाई म्हणाली.

"माय!" पितांबर किंचाळला.

"लाव म्हनस ना मी!"

रंजनाबाईने पुन्हा चावी दिली आणि नाच धरला. ह्या वेळी म्हातारी उंबऱ्यात बसली आणि तिने उघडा तळवा पिठावर ठेवला. नाचता नाचता समोरची पावलं थबकली. रंजनाबाईला सोडून ती दाराकडे वळली, एकेक करत म्हातारीपर्यंत गेली आणि तिच्या बोटांना जराही न तुडवता तिथे थांबली.

"रती..." म्हातारी खाली वाकली. "जेवना का रे?"

रंजनाबाईचे डोळे भरून आले. लेकाला आईजवळ राहू द्यावं म्हणून ती होती तिथेच उभी राहिली. तो तिकडे दारात होता, ती इकडे भिंतीशी. मधल्या पिठावर आणखी कुणाचं पाऊल नव्हतं.

तिच्या पाठीवरचा हात मात्र हलला नव्हता.

बोटं थंडगार होती आणि ताल धरत होती. तिने टाचा पिठात रोवल्या, मान ताठ केली, आणि दरडावून विचारलं, "कोन शे तू?"

हाताने तिला पुढच्या पावलासाठी हलकेच मागे ओढलं.