नाव विचारल्यावर

चवथीच्या दिवशी तळकोकणात कुणी परक्या छपराखाली राहत नाही. मुंबईची माणसं रात्रभर गाडीत उभ्यानं येतात, पण गणपती घरात यायच्या आधी उंबरठ्याच्या आत असतात. इस्पितळसुद्धा त्या दिवशी ओस पडतं. ज्याला चालता येतं तो डॉक्टरांच्या हातापाया पडून घरी जातो, आणि ज्याला येत नाही तो खाटेवर पडून लांबच्या आरत्या ऐकतो.

दोन हजार आठ सालच्या चवथीला शिरोड्याजवळच्या एका छोट्या धर्मादाय इस्पितळात विनीता सिस्टर एकटीच ड्युटीवर होती. ती मूळची नांदगावची. वडील आषाढात गेले, आणि त्यांच्यामागं घराला कुलूप लागलं. त्यांचा गणपती यंदा चुलत्यांकडे बसला होता. चुलतीनं दोनदा फोन करून बोलावलं, पण दुसऱ्यांच्या घरात आपला गणपती बघायला जायचं विनीताच्या जिवावर आलं. बाकीच्या नर्सेसना तिनं आपणहून सुट्टी देऊन टाकली. सगळ्या तिला दुवा देत निघून गेल्या. शेवटची रिक्षा फाटकाबाहेर पडली, तेव्हा बायकांच्या वॉर्डात ती आणि एकच पेशंट अशा दोघीच उरल्या होत्या.

ती पेशंट म्हणजे शेवंती. शिरोड्याच्या बाजारात मासळी विकणारी, साखरेच्या आजारानं पायाची जखम चिघळलेली, तोंडाची फटकळ पण मनानं निर्मळ बाई. तिला जेवणाआधी इन्सुलिन टोचावं लागायचं. तिच्या पलीकडची खिडकीलगतची खाट रिकामी होती. ती नेहमीच रिकामी असायची. वॉर्ड भरला तरी आया लोक पेशंटला तिथं घालायच्या आधी दुसरी खाट शोधायचे. विनीताला वाटायचं, खिडकीतून पावसाची झड आत येते म्हणून असेल.

आदल्या वर्षी इस्पितळात कॉम्प्युटर आले होते. ते शिकायला पुण्याला पाठवलं होतं ते विनीतालाच. आता प्रत्येक पेशंटला आल्याबरोबर एक नंबर मिळायचा, त्याची पट्टी मनगटाला बांधली जायची, आणि औषध देण्याआधी तो नंबर टाकला की पडद्यावर पेशंटचं नाव, औषध, त्याला काय सोसत नाही ते सगळं दिसायचं. जुन्या सिस्टर कुरकुरायच्या, की आता माणसांआधी यंत्राची सेवा करायची. विनीता त्यांना समजावून सांगायची, की यंत्राला आपण सांगू तेवढंच कळतं, म्हणून शेवटची खात्री आपल्या डोळ्यांनी आणि कानांनी करायची. नाव पेशंटच्याच तोंडून वदवून घ्यायचं. आपण नाव घेऊन "तुम्हीच ना?" असं कधी विचारायचं नाही, कारण ग्लानीतलं माणूस कुठल्याही नावाला हो म्हणतं.

त्यामुळे दर वेळी इंजेक्शन हातात घेऊन ती शेवंतीपाशी उभी राहायची आणि ऑफिसातल्यासारखं शुद्ध बोलायची, "तुमचं नाव सांगा." शेवंती खवळल्यासारखं करायची. "कितीदा इचारशीत गो? शेवंती! कालय शेवंती, आजय शेवंती." मग दोघी हसायच्या.

त्या दिवशी दुपारचं इन्सुलिन देऊन झालं, ताट आलं. राधाबाई म्हणून जुनी आया होती, तिनं ताटं उचलताना शेवंती जेवल्याचं सांगितलं, आणि विनीतानं कॉम्प्युटरवर तशी नोंद केली. मग राधाबाईही घरी गेली. तिचं घर माडांच्या पलीकडेच होतं. आरती झाली की येते म्हणाली.

त्यानंतर वॉर्ड फार मोठा वाटायला लागला. फिनेलच्या वासात कुठूनतरी हळदीच्या पानात वाफवलेल्या पातोळ्यांचा वास मिसळत होता. वाडीतून झांजा ऐकू यायच्या, वारा फिरला की बुडून जायच्या, आणि मग नुसती समुद्राची गाज राहायची. विनीता टेबलाशी बसून जुने केसपेपर कॉम्प्युटरवर चढवत होती. मधूनमधून तिला वाटायचं, की आपल्याशी कुणीतरी बोलणार आहे. ती मान वर करायची. शेवंती भिंतीकडे तोंड करून पडलेली असायची.

दिवेलागणीला लाईट गेली. कॉम्प्युटरच्या बॅटरीची टूं… टूं… सुरू झाली, आणि वॉर्डात उजेड राहिला तो फक्त त्या निळसर पडद्याचा. पडद्यावर शेवंतीच्या संध्याकाळच्या इन्सुलिनची आठवण आली होती. दुपारचं जेवण घेतलं, इन्सुलिन द्यावं. सगळं हिरव्या अक्षरांत, सगळं ठीकठाक. विनीतानं हातबॅटरीच्या उजेडात सुई भरली आणि खाटांच्या रांगेतून चालत गेली.

शेवंतीचा हात तिनं उचलला. हात गार होता, पण पावसाळी संध्याकाळी तो गार असायचाच. बॅटरी बगलेत धरून तिनं मनगटावरचा नंबर वाचला. दंडावर कापूस फिरवत, मान खालीच ठेवून, सवयीनं म्हणाली,

"तुमचं नाव सांगा."

"आनंदी."

आवाज हलका होता. तरुण बाईचा, आणि थोडा लाजल्यासारखा.

विनीताचा हात तिथंच थांबला. दोन गोष्टी एकदम तिच्या मनात आल्या. पहिली, ही थट्टा नाही. दुसरी, जिला स्वतःचं नाव सांगता येत नाही तिच्या डोक्याला साखर पुरत नाहीये. तिनं सुई ट्रेमध्ये ठेवली आणि बॅटरीचा झोत शेवंतीच्या तोंडावर टाकला. कपाळ घामानं निथळत होतं. डोळे अर्धवट उघडे, बुबुळं वर गेलेली. साखर तपासायच्या पट्ट्या मोजक्याच यायच्या, म्हणून रोज सकाळीच तपासत. विनीतानं धावत जाऊन एक पट्टी आणली. यंत्रावर आलेला आकडा इतका खाली होता, की ती सुई टोचली असती तर शेवंतीनं सकाळ बघितली नसती.

मग तिला घाबरायला सवड मिळाली नाही. तिनं शीर शोधली, ग्लुकोज चढवलं, एका हातानं बाटली धरून दुसऱ्या हातानं डॉक्टरांना फोन लावला. डॉक्टर वेंगुर्ल्याला आपल्या घरी होते. निघतो म्हणाले. तोवर ती एकटीच शेवंतीचे गाल चोळत, तिला हाका मारत उभी राहिली. कॉम्प्युटरची टूं टूं चालूच होती.

बऱ्याच वेळानं शेवंतीनं डोळे फिरवले, पाणी मागितलं. विनीताला रडू आलं. तिनं रागावूनच विचारलं, दुपारी जेवली नव्हती का? शेवंतीनं कबूल केलं. मुलगा नितेश घरचा नैवेद्य घेऊन येतो म्हणाला होता. चवथीच्या दिवशी बाप्पाच्या आधी इस्पितळाचं अन्न कसं खायचं? म्हणून तिनं भात पिशवीत बांधून ठेवला आणि राधाबाईला जेवल्याचं खोटंच सांगितलं.

"तरी बरं, तुम्ही भलतंच नाव सांगितलं," विनीता म्हणाली. "त्यावरनं मला कळलं."

शेवंतीनं पाण्याचा पेला खाली ठेवला.

"मी खंय बोललंय?" ती हळूच म्हणाली. "माका ऐकाक येय होता सगळा, पण तोंडच उघडा नाय. ती… पलीकडची बाय बोलली."

विनीतानं पलीकडे बघितलं. खाटेवरची चादर ताणून बसवलेली होती, सकाळी घातली तशी. उशीवर सुरकुती नव्हती.

लाईट आली. डॉक्टर आले, शेवंतीला तपासून विनीताच्या पाठीवर थाप मारून गेले. नितेश डबा घेऊन आला. वाटेत होडी किनाऱ्याला ओढून लावायला थांबलो म्हणाला, आणि आईचे पाय धरून बसला. सगळं शांत झाल्यावर विनीता नोंद करायला बसली. होता होता टळलेल्या चुकीचीही नोंद करायची, हा तिनंच घालून दिलेला नियम होता. काय घडलं ते तिनं लिहिलं. पुढं रकाना होता, धोका कुणाच्या लक्षात आणून दिल्यानं कळला? तो रिकामा सोडला की कॉम्प्युटर पुढं जाऊ देईना. स्वतःचं नाव टाकायला तिचं मन होईना. शेवटी तिनं 'शेजारचा रुग्ण' असं निवडलं. कॉम्प्युटरनं खाटेचा नंबर मागितला. तिनं खिडकीलगतच्या खाटेचा टाकला. खाट रिकामी असली की यंत्र तो नंबर घेत नसे, लाल अक्षरांत हटकत असे. तशी सोयच होती.

यंत्रानं हटकलं नाही. नोंद घेतली.

राधाबाई मोदकांचं ताट घेऊन आली तेव्हा विनीता व्हरांड्यात पायरीवर बसली होती. तिनं आत बघायचं टाळून विचारलं, "राधाबाई, आनंदी कोण होती?"

राधाबाईनं ताट खाली ठेवलं. मग तिनं सांगितलं ते असं, की विनीता यायच्या खूप आधी आरोंद्याची एक पोटुशी सून तापानं फणफणून आली होती. नवरा दर्यावर, सासरचं कुणी सोबत नाही. दिवस चवथीचाच. नर्स एकच, तीसुद्धा घरी जायच्या घाईत. इंजेक्शन होतं दुसऱ्या बाईचं.

"तिका कोणी नावच इचारूक नाय," राधाबाई म्हणाली. "नर्सान 'तूच यशोदा मां?' म्हणान इचारल्यान. तापात तिणा 'हुं' केल्यान. तितक्याच झाला…"

पुढचं तिनं सांगितलं नाही. विनीतानंही विचारलं नाही. त्या रात्री शेवंती झोपल्यावर ती खिडकीलगतच्या खाटेपाशी गेली. भीती वाटत होती, पण त्याहून जास्त वाटत होतं ते निराळंच. इतकी वर्षं ही बाई इथं पडून होती, आणि कुणीतरी आपलं नाव विचारील म्हणून वाट बघत होती. घराला कुलूप लागलेल्या माणसाला हे पटकन कळतं. विनीतानं उशीवरून हात फिरवला. "ऐकलं हो, आनंदीबाई," ती म्हणाली. "तुमच्यामुळं शेवंती वाचली." खिडकीबाहेर माडाची झावळी हलली. त्या रात्री कुणी काही बोललं नाही, आणि पुढंही बरेच दिवस नाही. विनीताला वाटलं, संपलं. विचारायचं होतं ते विचारून झालं, सांगायचं होतं ते सांगून झालं.

मात्र त्यानंतर नाव विचारताना ती मान खाली घालेनाशी झाली. पेशंटचे ओठ हलताना दिसल्याशिवाय ती औषध देत नसे. नव्या मुलींनाही ती तसंच शिकवायची. का, ते सांगत नसे.

दिवाळीच्या सुमारास एका सकाळी वॉर्ड गच्च भरला होता. खिडकीतून स्वच्छ ऊन आत आलं होतं, बायका एकमेकींशी मोठमोठ्यानं बोलत होत्या. जागाच उरली नाही म्हणून उर्वशी नावाच्या एका मुलीला त्या खिडकीलगतच्या खाटेवर घातलं होतं. राधाबाई तिथंच खाली बसून लादी पुसत होती. विनीता सुई घेऊन आली, मुलीच्या तोंडाकडे नीट बघून तिनं विचारलं. मुलीचे ओठ हलले. "उर्वशी," ती म्हणाली. मनगटावरचा नंबर जुळला. विनीता समाधानानं वाकली.

"आनि माजा?"

आवाज खाटेखालून आला. इतका लहान, की बोलायला नुकतं शिकलेल्या मुलाचा वाटावा. उर्वशी खिडकीबाहेर बघत होती, तिला काही ऐकू आलं नव्हतं. वॉर्डात त्या दिवशी एकही मूल नव्हतं.

"माजा नाव काय?"

विनीतानं हळूच खाली बघितलं. राधाबाईच्या हातातलं फडकं ओल्या लादीवर थांबलं होतं. तिनं मान वर केली नाही. थोड्या वेळानं तिनं बादली उचलली आणि अर्धी लादी तशीच टाकून ती बाहेर निघून गेली.